निव्वळ वजन

उद्यमनगरातनं दस्तगीर शिकलगार आला,
टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं
आणि दुसरं घेऊन कुंपणापर्यंत चालत गेला.
दहा फूट बाय साडेसोळा.
लाइटबिलाच्या पाठीवर दोन आकडे लिहिले:
तीन भिंती, स्लॅब, शटर – दोन लाख ऐंशी.
चार पाइप, वर निळा पत्रा – बासष्ट हजार.
मधे एक रेघ ओढली
आणि चहा प्याला.

मी शटरच्या बाजूचा.
एकतीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो,
जे उघड्यावर राहिलं ते हललेलं पाहिलं:
ताडपत्री, जॅक,
एकदा तर बैलगाडीचं अख्खं जू.
एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकलो.
सेकंडहँड अल्टो, चंदेरी, डाव्या दाराला पोचा.
तरी रात्री दोनदा उठून खिडकीतनं बघतो
आहे का.

शशिकला वाद घालत बसली नाही.
रांगोळीचा डबा आणला,
वाकून, थांबून, कंबर धरून
फरशीवर ओढलं सगळं गॅरेज, शटरच्या पट्ट्यांसकट.
म्हणाली, या आत.
गेलो.
आता उघडा गाडीचं दार.
हवेतलं दार उघडलं तर कोपर भिंतीला लागलं.
नसलेल्या भिंतीला. पण लागलं.

"आणि ही माझी खिडकी.
हितनं आक्काताईंची हाक येती,
मेथीचा भाव येतो, ऊन येतं.
भिंत घातल्यावर काय मी
दिवसा दिवा लावून भाकरी करू व्हय?"

चिखलीच्या मेव्हण्याला फोन लावला.
तो म्हणाला, पुराच्या साली पाणी उंबऱ्याला लागलं
तवा लाइट न्हवती, आणि शटर आमचं बटनावरचं.
ट्रॅक्टर छपराखालनं निघाला. कार आत.
आठ दिवसांनी उघडलं तर स्टेअरिंगवर बेडूक.
मी म्हणालो, आम्ही पाचगावला, चढावर राहतो.
"पाण्याला चढ ठावं नसतोय, दाजी,"
असं म्हणून हसला,
आणि हसता हसता गप्प झाला.

दोन संध्याकाळी आम्ही त्या पांढऱ्या रेघांच्या आत
खुर्च्या टाकून बसलो.
मी मनातल्या मनात सामान लावत होतो:
पोराचा कॅरम, आईची लोखंडी खाट,
बंद टीव्ही, दोन गाद्या,
निरोपसमारंभाची तीन घड्याळं, खोक्यातली.
सगळं बसलं.
गाडी तेवढी बाहेर राहिली.
तिसऱ्या दिवशी सकाळी बोका
उत्तरेच्या भिंतीतनं आला
आणि दक्षिणेच्या भिंतीतनं गेला.

शिकलगारानं चार खांब उभे केले.
जाताना वाकून दाखवलं,
दर खांबाला खाली चार चार भोकं:
"उद्या भिंती पायजेत वाटलं, तर बोल्ट मारू.
भोकाचे पैसे धरले न्हाईत."
हे मला आवडलं.
घेतलेल्या निर्णयात ठेवलेली सोळा भोकं.
सध्या त्यांत कुंभारीण माती भरते आहे,
तेवढ्याच काय त्या भिंती.

आता सीझन लागलाय.
वारा इकडचा असला की कुठल्या तरी चिमणीची काजळी
तिन्ही बाजूंनी येऊन बॉनेटवर बसते.
शटर असतं तर आली नसती,
हे मी रोज एकदा बोलून दाखवतो.
मग बोटानं त्या काळ्यात लिहितो, जुन्या सवयीनं,
भरलेली गाडी
वजा रिकामी गाडी
बरोबर

आणि पुढचं लिहायच्या आत
खिडकीतनं ओलं फडकं येतं,
अगदी नेम धरून.